भरतकामाच्या दोऱ्याचा इवलासा पक्षी: कीचेन टिकायची असेल तर कोणती पायरी कधी करायची

भरतकामाच्या दोऱ्यातून क्रोशाने विणलेला, बोटाच्या पेराएवढा पक्षी टेबलावर ठेवला की छानच दिसतो. अडचण सुरू होते तो किल्ल्यांना लागल्यावर. थोड्याच दिवसांत डोक्याच्या मधोमध भोक पडतं, रिंग दोऱ्यासकट हातात येते, एक पंख टोकाला लोंबायला लागतो, पोटाच्या टाक्यांमधून भरलेला कापूस डोकावतो. विणणाऱ्याचा हात कच्चा असतो म्हणून हे होतं असं नाही. टाके सुबक असलेले पक्षीसुद्धा असेच तुटतात, कारण क्रम चुकलेला असतो. पक्षी विणून, भरून, बंद करून झाल्यावर रिंग कशी लावायची याचा विचार सुरू होतो, आणि तोवर आत काही करायला वाव उरलेला नसतो. मग रिंग वरच्या वर एका टाक्याला शिवली जाते.

म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. विशेषतः रिंगेची पायरी पुढे ढकलू नका.

हा पक्षी साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर उंच होतो. साखळी, मुका खांब, वाढ आणि घट एवढं यायला हवं. जाड लोकरीत गोल चेंडू एकदाही विणला नसेल तर आधी तो विणा. बारीक दोऱ्यात टाके ओळखायला शिकणं फार त्रासाचं जातं.

नावांची एकदा उजळणी करू, कारण शिकवणारे वेगवेगळी नावं वापरतात. या लेखात मुका खांब म्हणजे टाक्यातून दोरा ओढून घेतल्यावर हुकावर दोन लूप येतात आणि पुन्हा दोरा घेऊन दोन्हीतून एकदम काढतात, तो. अर्ध्या खांबात आधी हुकावर एक वेढा घेतात, टाक्यातून दोरा ओढल्यावर तीन लूप होतात आणि तिन्हीतून एकदम काढतात. खांबातही तसेच तीन लूप होतात, पण ते दोन-दोन करून दोनदा काढतात. वाढ म्हणजे एकाच टाक्यात दोन मुके खांब. घट म्हणजे दोन टाक्यांचा एक.

१. सामान

दोरा: भरतकामाचा सुती, सहा पदरी दोरा. डीएमसी किंवा अँकरच्या नेहमीच्या लडीत साधारण ८ मीटर दोरा असतो. अंगाला चार ते पाच मीटर लागतो. पंख, शेपूट आणि शिवायला सोडलेली टोकं धरली तर एक लडी काठावर येते. मुख्य रंगाच्या दोन लड्या एकदमच घ्या. नंतर आणलेली लडी दुसऱ्या घाण्यातली निघाली तर पंखाची छटा किंचित वेगळी दिसते. चोचीसाठी पिवळा किंवा केशरी दोरा हातभर पुरतो.

पहिल्या पक्ष्याला काळा, गडद निळा किंवा गडद तपकिरी रंग घेऊ नका. त्यात टाके दिसतच नाहीत आणि मोजणी चुकते. मधल्या छटेचा रंग सगळ्यात सोपा जातो.

हूक: १.२५ मिमीचा स्टीलचा. हात सैल असेल तर १ मिमी, फारच घट्ट असेल तर १.५ मिमी. स्टीलच्या हुकांवरचे क्रमांक कंपनीगणिक बदलतात, म्हणून क्रमांकाच्या मागे न लागता मिमीचं माप बघून घ्या.

सुया: दोन प्रकारच्या. तुकडे जोडायला बोथट टोकाची बारीक टॅपेस्ट्री सुई (२४ किंवा २६ नंबर, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक). डोळे आणि चोचीसाठी साधी टोकदार, बारीक सुई.

भरण्यासाठी पॉलिएस्टर फायबर. औषधी कापूस नको. तो ओला झाला की गोळा होऊन बसतो. दोऱ्यांची कात्रणंही भरू नका. गडद कात्रणं फिकट अंगातून दिसतात आणि पोट खडबडीत होतं.

डोळ्यांसाठी २ मिमीचे दोन काळे मणी. आतल्या आधारासाठी ४ ते ५ मिमीचा एक मणी. त्याचा रंग कुठलाही चालेल, भोक मात्र थोडं मोठं हवं. मजबूत नायलॉनचा किंवा जाड पॉलिएस्टरचा दोरा हातभर, शक्यतो अंगाच्या रंगाचा.

धातूचं सामान: ५ ते ६ मिमीची एक बंद रिंग, म्हणजे जिचा जोड झाळलेला आहे अशी. शिवाय एक-दोन उघडता येणाऱ्या जोडरिंगा, छोटी साखळी आणि किल्ल्यांची मोठी रिंग. बंद रिंगेचा आग्रह यासाठी की उघड्या जोडातून दोरा हळूहळू सरकत बाहेर येतो.

याखेरीज चिमटा, लहान कात्री आणि खुणेसाठी वेगळ्या रंगाचा शिवणाचा दोरा. प्लॅस्टिकचे मार्कर एवढ्या छोट्या कामात टाका ताणून टाकतात.

सावधान: कीचेन तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जाणार असेल तर डोळ्यांना मणी लावू नका, गाठीच्या टाक्याने काळे ठिपके भरा. सुटलेला मणी तोंडात जातो.

२. विणायला बसण्याआधी

लडीतून दोरा थेट ओढत विणू नका. मध्येच गुंता होतो आणि तो सोडवताना पदर विस्कटतात. आधी सगळा दोरा पुठ्ठ्याच्या तुकड्यावर किंवा बॉबिनवर सैलसर गुंडाळून घ्या. गुंडाळताना पीळ उलगडू देऊ नका. सहा पदर एकत्र राहिले तर हूक त्यांच्यामध्ये घुसत नाही. विणताना दोऱ्याचा पीळ कमी-जास्त होतोच; अधूनमधून हुकावरचा लूप लांब करून हूक काढा, बॉबिन हवेत लोंबू द्या, ते स्वतःभोवती फिरून पीळ सारखा करतं.

काही जण पहिल्याच पक्ष्याला सहातले तीन पदर वेगळे काढून विणायला बसतात. ते काम सुंदर होतं, पण त्यासाठी हूकही पाऊण मिमीच्या आसपासचा लागतो. पहिला पक्षी सहा पदरांचाच करा.

रंगाची परीक्षा: लाल, जांभळा, गडद हिरवा असे रंग कधीकधी सुटतात. दोऱ्याचं टोक ओलं करून पांढऱ्या कपड्यात दाबून धरा. डाग आला तर तो दोरा पांढऱ्या किंवा फिकट रंगासोबत वापरू नका. किल्ल्या घामट हातात सतत येतात, त्यामुळे रंग पुढे पसरतोच.

घट्टपणाची परीक्षा: मॅजिक रिंगेत (टोक ओढून मिटवता येणाऱ्या दोऱ्याच्या कड्यात) ६ मुके खांब, दुसऱ्या फेरीत १२, तिसऱ्या फेरीत १८ असा छोटा गोल विणा. तो उजेडासमोर धरून बोटांनी हलका ताणा. टाक्यांमधून उजेडाचे ठिपके ठळक दिसले तर भरलेला कापूसही तिथूनच दिसणार. हूक पाव मिमीने लहान घ्या. हूक टाक्यात शिरतच नसेल आणि प्रत्येक वेळी एखादा पदर मागे राहत असेल तर हूक पाव मिमीने मोठा घ्या. ही परीक्षा फार जण टाळतात, आणि पोटातून कापूस डोकावण्याची तक्रार नेमकी इथून सुरू होते.

आणखी एक गोष्ट आत्ताच ठरवा. मुका खांब करताना टाक्यातून दोरा ओढायचा असतो तेव्हा हूक दोऱ्याच्या वरून नेऊन दोरा पकडला तर टाका फुलीसारखा दिसतो. दोरा हुकावरून घेतला तर तो इंग्रजी व्हीसारखा दिसतो. फुलीचा टाका बुटका, घट्ट असतो आणि तिरपा कमी सरकतो, म्हणून लहान कामाला मी तोच सुचवेन. सवय नसेल तर व्हीचा चालेल. दोन्हींची सरमिसळ मात्र लगेच डोळ्यांत भरते.

बसताना उजेड बाजूने येईल असं बघा. मांडीवर गडद दोऱ्याखाली पांढरं कापड आणि फिकट दोऱ्याखाली गडद कापड पसरा. टाके स्पष्ट दिसतात, डोळ्यांवरचा ताण कमी होतो.

३. डोकं: फेरी १ ते ७

विणकाम सलग गोल फिरतं. फेरी संपली म्हणून स्लिप स्टिचने (टाक्यातून ओढलेला दोरा हुकावरच्या लूपमधूनही तसाच काढतात, तो टाका) जोडायचं नाही. खुणेचा दोरा दर फेरीच्या सुरुवातीला हुकाच्या पुढून मागे, पुढच्या वेळी मागून पुढे असा टाकत चला. तो विणीत अडकत वर चढतो आणि शेवटी एका झटक्यात ओढून काढता येतो.

फेरी १: मॅजिक रिंगेत ६ मुके खांब. (६)
फेरी २: प्रत्येक टाक्यात वाढ. (१२)
फेरी ३: १ मुका खांब, १ वाढ; असं ६ वेळा. (१८)
फेरी ४ ते ७: प्रत्येक टाक्यात १ मुका खांब. (१८)

पहिल्या फेरीनंतर मॅजिक रिंगेचं टोक ओढून भोक पूर्ण बंद करा आणि तिसऱ्या फेरीनंतर पुन्हा एकदा ओढा. ते टोक १० सेंमी तरी ठेवा. तेवढ्यावर ते सोडून देऊ नका: सातव्या फेरीनंतर आतल्या बाजूने सुईने दुसऱ्या फेरीच्या टाक्यांखालून पूर्ण एक चक्कर फिरवून गाठ मारा. नुसतं ओढून कापलेलं टोक कालांतराने सरकतं आणि डोक्यावर भोक दिसू लागतं.

चौथ्या फेरीत थांबून वाटी हातात धरून बघा. बारीक दोऱ्यात काम आपोआप उलट्या बाजूला वळतं आणि टाक्यांची मागची, आडव्या रेघांची बाजू बाहेर येते. तसं झालं असेल तर आत्ताच पेन्सिलीच्या मागच्या टोकाने वाटी उलटून घ्या. फुल्या किंवा व्ही बाहेर दिसायला हवेत.

तपासा: प्रत्येक फेरीअखेर टाके मोजा. १८ च्या जागी १७ किंवा १९ निघाले तर पुढे रेटू नका, ती फेरी उसवा. मोठ्या खेळण्यात एक टाका खपून जातो, इथे डोकं वाकडं होतं. उसवताना हळू उसवा. एकच दोरा दोनदा-तीनदा उसवला की पदर फुलून खरखरीत होतात. तेवढा भाग कापून नव्या दोऱ्याने सुरुवात केलेली बरी.

४. रिंग: सातव्या फेरीनंतर, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही

आता थांबा. हुकावरचा लूप चांगला बोटभर लांब ओढा म्हणजे तो सुटणार नाही, आणि हूक बाजूला ठेवा. हातात १८ टाक्यांची छोटी वाटी आहे. ती अजून सहज उलटता येते. पुढच्या फेरीत पोट फुगायला लागलं आणि खोली वाढली की आत गाठ मारता येत नाही.

रिंग थेट मॅजिक रिंगेच्या मधोमध लावू नका. पक्ष्याच्या अंगातली ती सगळ्यात कमजोर जागा. किल्ल्या प्रत्येक वेळी ओढल्या की सगळा भार त्या एका बिंदूवर येतो आणि तो उघडतो. भार पसरवायचा तर आत आधार हवा. त्यासाठीच तो मोठा मणी.

अ) मजबूत दोरा साधारण ४० सेंमी कापा. बंद रिंगेतून दुमडून घाला आणि दोन्ही टोकं त्या दुमडीतून काढून ओढा, म्हणजे दोरा रिंगेवर घट्ट बसेल.

आ) एक टोक सुईत ओवून दुसऱ्या फेरीतल्या एका टाक्यामधून बाहेरून आत न्या. दुसरं टोक त्याच फेरीत बरोबर समोरच्या बाजूने, म्हणजे मध्ये पाच टाके सोडून, आत न्या. रिंग आणि डोकं यांच्यात दोन-तीन मिमी दोरा मोकळा राहू द्या. रिंग डोक्याला चिकटवली तर तिला हलायला जागा राहत नाही आणि धातू दोऱ्यावर घासत राहतो.

इ) वाटी उलटा. आता दोन्ही टोकं तुमच्यासमोर आहेत. एक टोक मण्यातून डावीकडून उजवीकडे, दुसरं उजवीकडून डावीकडे घाला. दोन्ही एकदम ओढा. मणी विणीला टेकून बसतो. घट्ट दुहेरी गाठ, तिच्यावर आणखी एक.

ई) टोकं कापू नका. प्रत्येक टोक पुन्हा सुईत ओवून दुसऱ्या फेरीतून बाहेर काढा, रिंगेतून फिरवा, शेजारच्या टाक्यातून परत आत आणा आणि पुन्हा गाठ मारा. आता रिंगेला दुहेरी आधार झाला. टोकं एक सेंमी ठेवून कापा आणि वाटी सुलट करा.

तपासा: वाटीची कड एका हाताच्या चिमटीत धरून दुसऱ्या हाताने रिंग ओढा. सगळं डोकं एकसारखं वर उचललं गेलं पाहिजे. मध्येच एक टाका तंबूसारखा वर येत असेल तर मणी तिथे नीट टेकलेला नाही. गाठ सोडून पुन्हा करा. ही दुरुस्ती नंतर शक्य नाही.

साखळी आणि किल्ल्यांची मोठी रिंग आत्ता लावू नका. विणताना ती दोऱ्यात अडकते आणि तिच्या वजनाने टाके ताणले जातात.

५. छाती आणि पोट: फेरी ८ ते १३

लांब ओढलेला लूप हुकावर घेऊन पहिल्या मापाचा करा.

फेरी ८: ६ मुके खांब, पुढच्या ६ टाक्यांत प्रत्येकी वाढ, ६ मुके खांब. (२४)
फेरी ९ ते १३: प्रत्येक टाक्यात १ मुका खांब, पण अकराव्या फेरीनंतर थांबायचं आहे. (२४)

आठव्या फेरीत सगळ्या वाढी मुद्दाम एकाच बाजूला आहेत. त्यामुळे तिकडे छाती फुगते आणि पाठ सपाट राहते. वाढी सगळीकडे सारख्या वाटून दिल्या तर नुसता चेंडू होतो. डोकं आणि पोट यांच्यात मानेसाठी घटही केलेली नाही. एवढ्या लहान आकारात मान अंगाला दोन गोळ्यांसारखं तोडते, शिवाय कीचेन वाकून मोडते ती तिथेच.

अकराव्या फेरीनंतर पुन्हा एकदा लूप लांब ओढून हूक बाजूला ठेवा. इथे डोक्याचं काम उरकायचं आहे.

६. डोकं भरणं, डोळे आणि चोच

फायबर ओंजळीने घेऊन कोंबू नका. चिमटीत मावेल एवढा पुंजका घ्या, बोटांनी पिंजून मोकळा करा आणि चिमट्याने मण्याच्या भोवती बसवा. मणी मधोमध राहील आणि बाहेरून हाताला लागणार नाही इतकं भरा. डोकं दाबून सोडल्यावर लगेच पूर्ववत झालं की भरणं पुरेसं झालं.

आता पक्ष्याचं तोंड कुठे येणार ते ठरवा. फेरीच्या सुरुवातीची खूण बघून चोच लावण्याची चूक फार होते. सलग गोल विणीत सुरुवात हळूहळू बाजूला सरकत जाते (उजव्या हाताने विणणाऱ्यांची उजवीकडे, डावखुऱ्यांची डावीकडे), म्हणून खुणेवर विसंबू नका. छातीचा फुगवटा बघा, त्याचा मध्य धरा आणि तिथून सरळ वर या. तीच चोचीची रेषा. टाचणी लावून समोरून आणि वरून बघा.

डोळे: काळ्या शिवणाच्या दोऱ्याला गाठ मारून सुई आतून बाहेर काढा. डोळे पाचव्या फेरीच्या पातळीवर, दोघांच्या मध्ये सहा टाके. पक्ष्याचे डोळे बाजूला असतात. ते जवळ आणले तर चेहरा पिल्लाचा न वाटता बाहुलीचा वाटतो. प्रत्येक मण्यातून दोरा तीनदा फिरवा. मग एका डोळ्यातून डोक्याच्या आतून दुसऱ्या डोळ्यापर्यंत दोरा नेऊन अगदी हलका ओढा. मणी विणीत किंचित रुततात आणि नजर येते. गाठ आत.

चोच: पिवळ्या दोऱ्याचे तीन पदर. सहाव्या फेरीवर, दोन टाक्यांच्या रुंदीत, खालच्या एकाच बिंदूत मिळणारे चार-पाच सरळ टाके घाला. मग त्यांच्या मुळाशी एक आडवा टाका घेऊन घट्ट ओढा. सपाट टाके उचलले जाऊन चोच थोडी पुढे येते. इथे टोकदार सुईच घ्या. बोथट सुई विणीचे पदर बाजूला सारते आणि चोच तिरकी बसते.

विणून वेगळी जोडलेली टोकदार चोच कीचेनला मी टाळते. ती खिशात अडकते आणि आधी तीच निघते.

७. बंद करणं: फेरी १४ ते १६

बारावी आणि तेरावी फेरी पूर्ण करा, मग घट.

फेरी १४: २ मुके खांब, १ घट, असं ६ वेळा. (१८)
इथे पोट भरा, छातीकडे थोडं जास्त.
फेरी १५: १ मुका खांब, १ घट, असं ६ वेळा. (१२)
पुन्हा भरा, आता अगदी छोट्या पुंजक्यांनी.
फेरी १६: ६ घट. (६)

घट करताना दोन टाक्यांचे फक्त पुढचे लूप हुकावर घ्या आणि दोरा ओढून मुका खांब पुरा करा. साध्या घटीने बारीक कामात भोकं पडतात. या पद्धतीने ती दिसत नाहीत.

दोरा २० सेंमी ठेवून कापा. सुईने उरलेल्या सहाही टाक्यांचे पुढचे लूप क्रमाने घ्या, ओढून भोक मिटवा, टोक मधून आत नेऊन पोटाच्या बाजूने बाहेर काढा. तिथून दुसऱ्या दिशेने पुन्हा आत न्या, मग कापा. एकाच दिशेने लपवलेलं टोक धुतल्यावर बाहेर येतं.

तपासा: पक्षी सपाट जागेवर ठेवा. तळ टोकदार असेल तर शेवटच्या भोकातून सुई वर पाठीत नेऊन परत आणा आणि किंचित ओढा. तळ आत जातो.

८. पंख आणि शेपूट

पंख (दोन सारखेच): ७ साखळ्या. हुकापासून दुसऱ्या साखळीत स्लिप स्टिच, मग क्रमाने १ मुका खांब, १ अर्धा खांब, १ खांब, १ अर्धा खांब, आणि शेवटच्या साखळीत ३ मुके खांब. आता काम न उलटता साखळीच्या दुसऱ्या कडेने परत: १ अर्धा खांब, १ खांब, १ अर्धा खांब, १ मुका खांब, १ स्लिप स्टिच. एकूण १३ टाके. पान तयार होतं: एक टोक निमुळतं, एक गोल. शिवायला २५ सेंमी दोरा सोडून कापा.

साखळी मुद्दाम थोडी सैल घ्या, नाहीतर परतीच्या कडेला हूक शिरत नाही आणि पंख वाटीसारखा वळतो.

शेपूट: ५ साखळ्या. दुसऱ्या साखळीपासून ४ मुके खांब. १ साखळी, काम उलटा, ४ मुके खांब. अशा एकूण ५ ओळी. २५ सेंमी दोरा सोडा.

९. जोडणी

पंखांची गोल बाजू पुढे आणि वर, निमुळतं टोक मागे आणि किंचित खाली. जागा नवव्या फेरीच्या आसपास. दोन्ही पंख आधी टाचण्यांनी लावा आणि वरून बघा. एक पुढे, एक मागे राहिला आहे का ते वरून कळतं, समोरून कळत नाही.

शोभेच्या पक्ष्याचे पंख फक्त पुढून शिवून मागचं टोक मोकळं ठेवतात. कीचेनला तसं करू नका. मोकळं टोक किल्लीच्या दातांत अडकतं. पंख सगळ्या कडेने शिवा. सुई अंगाच्या टाक्याच्या वरवरच्या एका पदराखालून नेऊ नका, पूर्ण टाक्याखालून न्या. निमुळत्या टोकाला दोन टाके जास्त घाला.

शेपूट पाठीच्या मध्यावर, तेराव्या फेरीवर. तिची रुंद कड एकदा वरच्या बाजूने आणि दुसऱ्यांदा खालच्या बाजूने अशी दोनदा शिवा. एकेरी शिवलेली शेपूट बिजागरीवरच्या दारासारखी वर-खाली हलते आणि लवकरच सुटते.

सगळी टोकं पोटातून दोन वेगवेगळ्या दिशांनी फिरवून कापा. गोंदावर भिस्त ठेवू नका. पांढरा गोंद पाण्याने मऊ पडतो, आणि बाकीचे बरेच गोंद सुती दोऱ्यावर कडक, चकचकीत डाग ठेवतात.

शेवटी डोक्यावर दिसणारा मजबूत दोऱ्याचा छोटा दांडा उरतो. अंगाच्या रंगाच्या दोऱ्याचे दोन पदर घेऊन त्याच्याभोवती काजटाके घाला, अगदी जवळजवळ. दांडा झाकला जातो आणि रिंगेच्या घर्षणापासून वाचतो.

१०. साखळी आणि ओढून बघणं

उघडी जोडरिंग दोन पकडींमध्ये धरून एक टोक पुढे आणि एक मागे असं पिळून उघडा. बाहेरच्या बाजूला फाकवून उघडली तर तिचा गोलावा बिघडतो आणि ती पुन्हा घट्ट बसत नाही. पक्ष्याची बंद रिंग आणि साखळीची शेवटची कडी तिच्यात घालून तशीच पिळून बंद करा. फटीवरून नख फिरवून बघा. अडकलं तर अजून जागा आहे. साखळीच्या दुसऱ्या टोकाला किल्ल्यांची रिंग.

आता किल्ल्या लावण्याआधी पक्षी हातात घट्ट धरून साखळीला चांगले चार-पाच हिसके द्या. मग प्रत्येक पंख आणि शेपूट चिमटीत धरून ओढा. डोळ्यांच्या मण्यांखाली नखाचं टोक घालून बघा. कुठे काही हललं तर तिथेच अजून टाके घाला. किल्ल्यांना लागल्यावर ते वाढतच जाणार.

धुवायची वेळ आली तर आधी जोडरिंग उघडून साखळी काढा. गार पाणी, थोडा सौम्य साबण, पिळणं नाही. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. आतला फायबर बाहेरच्या विणीपेक्षा उशिरा वाळतो, म्हणून वरून कोरडा वाटला तरी एक दिवस तसाच ठेवा. ओलसर पक्ष्याला साखळी लावली तर रिंगेचा गंज डोक्यावरच्या काजटाक्यांत उतरतो, आणि तो डाग निघत नाही.